हजार वर्षांचा अंगठा

शेवटी, हजार वर्षं टिकणाऱ्या तबकडीवर कै. सुहास बोंद्रे, हळदीचे अडते, राहणार सांगली, यांचा उजवा अंगठा, डाव्या पायातली चप्पल आणि पाठ एवढं कोरून ठेवण्यात आलं. चेहरा राहून गेला.

हे वाक्य वाचकाने वाचलेलं नाही. असं काही अजून झालेलंच नाही. तबकडी अजून गणपती पेठेत लियाकत तांबोळीच्या दुकानात लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली पडून आहे, सुहासरावांना जाऊन दहा वर्षं होत आली आहेत, आणि त्यांचा मुलगा ओजस आईच्या खोलीच्या दारात उभा राहून वडिलांना त्यांच्या स्वतःच्या तेराव्याला बुंदी वाढताना बघतो आहे.

भिंतीवरच्या पडद्यावर सुहासराव पंगतीतून चालले होते. अंगात मोरपंखी रंगाचा कुर्ता. असा कुर्ता त्यांच्याकडे नव्हता, असता तर त्यांनी तो ट्रॅक्टर पुसायला दिला असता. मागे पाटावर त्यांचाच फोटो, चंदनाचा हार घातलेला. फोटोसमोरून जाताना ते क्षणभर थांबले, समईची वात सारखी केली आणि पुढच्या पानावर वाकून म्हणाले, "अजून घ्या, संकोच करू नका."

सुहासराव आयुष्यात कधी कुणाला 'संकोच करू नका' म्हणाले नव्हते. ते म्हणत, 'खावा गप.'

"आई," ओजस म्हणाला, "पप्पा तेराव्याला कसे असतील?"

राजश्रीताई मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली, पडद्याकडे बघितलं, आणि पुन्हा खाली घातली. "बाकी कोण होतं त्या दिवशी वाढायला?" त्या म्हणाल्या. "तुझे काका सगळे पानावर जाऊन बसलेले. बरं झालं हे आले ते."

हा प्रकार समजायला थोडं मागे जावं लागेल.

पूर्वी लोकांचे घरगुती व्हिडिओ ढगात ठेवलेले असत. ढग म्हणजे प्रत्यक्षात कुठल्यातरी माळरानावरची यंत्रांची गोदामं. ही यंत्रं तापत, आणि ती गार ठेवायला इतकं पाणी लागे, की एका उन्हाळ्यात लोकांच्या वाढदिवसांना चोवीस तास पाणी आणि वाढदिवस साजरे करणाऱ्यांना टँकर, अशी वेळ आली. मोर्चे निघाले, कायदा झाला. तेव्हा 'गगनकोठी' नावाच्या कंपनीने आशयसंकोचन आणलं. त्याचं तत्त्व कुणालाही कळेल इतकं साधं होतं. पुरणपोळी फ्रीजमध्ये ठेवायची नाही. तिची कृती लिहून ठेवायची, आणि खावीशी वाटली की ताजी करून द्यायची. व्हिडिओही तसाच. चित्रं ठेवायचीच नाहीत, वर्णन ठेवायचं: पाच वर्षांचा मुलगा, केक, निळी भिंत, आई डावीकडे. कुणी बघायला मागितलं की यंत्र त्या वर्णनावरून अख्खा व्हिडिओ पुन्हा बनवणार. जागा हजारपट कमी, पाणी वाचलं, सगळे खूश. फक्त आत्याने केलेली पोळी एका बाजूने करपलेली असायची, आणि ते कृतीत लिहिलेलं नसतं.

शिवाय यंत्र शिकत होतं. बघणारा कुठे थांबतो, कुठे पुढे ढकलतो, हे ते लक्षात ठेवी आणि पुढच्या वेळी थांबण्याची जागा जरा जास्त वाढी. बोंद्र्यांच्या व्हिडिओंत त्याला एक मोठी उणीव सापडली. त्याने लाखो कुटुंबांचे वाढदिवस पाहिले होते आणि त्यांत साधारणपणे एक बाप असतो. इथे आई होती, मुलगा होता, केक होता, बाप नव्हता. म्हणजे तो हरवला असणार. यंत्राने तो भरून काढला. चेहरा कुठल्याशा ओळखपत्रावरचा घेतला, हसू सरासरीचं घातलं. राजश्रीताई तिथे थांबल्या. यंत्राने नोंद घेतली. पुढच्या वेळी सुहासराव जरा जवळ उभे होते. त्याच्या पुढच्या वेळी त्यांनी राजश्रीताईंच्या खांद्यावर हात ठेवला. मग ओजसच्या पदवीदानाला ते तिसऱ्या रांगेत टाळ्या वाजवताना दिसले, तेव्हा त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती. आणि आज तेराव्याला बुंदी.

खरे सुहासराव व्हिडिओत का नव्हते, याचं उत्तर घरात सगळ्यांना ठाऊक होतं. फोन त्यांच्या हातात असायचा.

ओजस मुळातच एका जागी न बसणारा. खुर्चीत बसला तर त्याचा गुडघा शिवणयंत्रासारखा चाले आणि टेबलावरचा पेला त्याच्या तालावर सरकत सरकत कडेपर्यंत येई. तासगाव रस्त्यावरच्या बेदाण्याच्या कारखान्यांत प्रतवारी यंत्रांची देखभाल हा त्याचा धंदा. पट्ट्यावरून बेदाणे धावतात, कॅमेरा बघतो, काळपट दाणा दिसला की हवेचा एक फुसकारा येतो आणि दाणा बाहेर. काळपट म्हणजे काय, हे यंत्राला एकदा शिकवलं की ते पुन्हा विचारत नाही. म्हणून बुंदीची बादली बघताना त्याच्या मनात जी शंका आली ती इतर कुणाच्या मनात आली नसती: यांनी पप्पांना आत घातलं ते ठीक, पण बाहेर काय फुंकलं?

ते बघायला मूळ व्हिडिओ हवे होते. ते सुहासरावांनी एका हार्ड डिस्कवर उतरवून, हळदीने पिवळ्या झालेल्या पंच्यात गुंडाळून, कपाटाच्या तळाशी ठेवले होते. ओजसने जुना लॅपटॉप काढला, वायर जोडली. डिस्क आतून टक्‌ टक्‌ करू लागली. एवढं तर त्यालाही कळत होतं, की आतली सुई म्हातारी झाली आहे आणि हे प्रत्येक सुरू होणं तिचं शेवटचं असू शकतं.

एक फाइल उघडली. हरिपूरची. जमिनीखालचं हळदीचं पेव उघडायला गेले होते तेव्हाची, ओजस पाच वर्षांचा असतानाची. उजेड, माती, एका बाजूला साडीतली आई. आणि पडद्याचा उजवा तिसरा हिस्सा व्यापून राहिलेली एक पिवळी, धूसर, मांसल वस्तू.

तो काही क्षण बघत राहिला. मग कळलं. अंगठा.

सुहासराव फोन धरायचे तो हळकुंड मोडायला धरल्यासारखा. अलीकडून चार चार बोटं, पलीकडून दोन्ही अंगठे. तीस वर्षं रोज शेकडो हळकुंडं मोडून, आतला रंग बघून भाव ठरवणाऱ्या माणसाला हातात कुठलीही लांबट वस्तू दिली तर तो ती तशीच धरणार. उजवा अंगठा बरोबर भिंगाच्या कडेवर येई. आणि त्यामागे आवाज होता, तोंड उघडं ठेवून घेतलेल्या श्वासाचा, जरासा घरघरता. तो श्वास ऐकून ओजसचा गुडघा थांबला. दहा वर्षांत पहिल्यांदा पप्पा खोलीत होते.

मग डिस्क अडकली, चित्र थिजलं. त्याने घाबरून वायर उपटली.

गगनकोठीच्या व्हिडिओत अंगठा नव्हता. श्वास नव्हता. काळपट दाणे, फुसकारा, बाहेर.

मूळ फाइली दुसरीकडे उतरवून ठेवाव्यात म्हटलं तर त्या जुन्या लॅपटॉपवर जागा नव्हती आणि घरातली बाकी सगळी यंत्रं गगनकोठीला जोडलेली. नवी फाइल दिसली की कोठी ती आपणहून सांभाळायला घेई, आणि सांभाळायला घेणं म्हणजे काय हे वर सांगितलं आहेच. पुन्हा पुन्हा लिहिता येण्याजोगं काहीही असलं की त्यावर ती लिहिणार. तेव्हा पाहिजे होतं असं काहीतरी, ज्यावर एकदाच लिहिता येतं आणि नंतर देवालाही सुधारता येत नाही.

असं काहीतरी सांगलीत फक्त लियाकतच्या दुकानात मिळत होतं. लियाकत तांबोळी पन्नाशीचा, लग्नपत्रिका छापायचा आणि उरलेल्या वेळात कोऱ्या तबकड्या विकायचा. दोन्ही गोष्टी एकदाच छापायच्या असतात, हे त्याचं धंद्यामागचं तत्त्वज्ञान. सुहासरावांचा मुलगा म्हटल्यावर त्याने चहा मागवला आणि काउंटरवर तीन तबकड्या मांडल्या.

"ही रंगाची," तो म्हणाला. "आत रंगाचा थर. लेसर तो भाजतो. भाजलं तिथं डाग, नाही भाजलं तिथं कोरं. डाग-कोरं, डाग-कोरं, झाला तुझा व्हिडिओ."

"टिकते किती?"

"उन्हात नाही ठेवली तर तुझ्या लग्नापर्यंत."

"आणि लग्न नाही झालं तर?"

"मग बघायचंय कुणाला?"

रंगाची तबकडी का मरते, हे सांगलीकराला वेगळं समजावावं लागत नाही. कपड्यावरचा हळदीचा डाग साबणाने जात नाही, पण दोरीवर उन्हात वाळत घातला की आपोआप उडतो. उजेड त्या रंगाचे रेणूच तोडून टाकतो. तबकडीतला रंग हळदीचा नसला तरी स्वभावाने तिचाच चुलतभाऊ, अंधारात धीर धरणारा आणि उन्हात शरण जाणारा. दुसरी तबकडी धातूच्या थराची होती. तिला उजेडाची भीती नाही, पण कडेचा चिकटवा कुठे सुटला की दमट हवा आत शिरते आणि धातू गंजतो. लियाकतच्या मते ती शंभर वर्षं, फक्त ती कृष्णाकाठी ठेवायची नाही. आपण दोघं कृष्णाकाठीच उभे आहोत, हे ओजसने त्याच्या लक्षात आणून दिलं नाही.

तिसरी वेगळी होती. काळसर, जड, बोटाला गार लागणारी. तिच्या आतला थर दगडासारखा कडक. लेसर तिथे रंग बदलत नव्हता, खड्डे पाडत होता. शिलालेखासारखे, फक्त इतके बारीक की केसाच्या जाडीत शेकडो ओळी मावतील. खड्ड्याला ऊन लागून काय होणार? खड्डा तो खड्डाच.

"हजार वर्षं," लियाकत म्हणाला. "कंपनीची लेखी गॅरंटी."

"कंपनी किती वर्षांची?"

"चार वर्षं चालली."

"आता?"

"आता बंद आहे," लियाकत म्हणाला, जणू ती दुपारची विश्रांती घेत होती. "एकच उरलीय. आणि एकदाच लिहायचं."

"चुकलं तर?"

"चुकलेलंच हजार वर्षं."

ओजसने ती घेतली. लिहायचं यंत्रही लियाकतने दसऱ्यापर्यंत उसनं दिलं. दारापर्यंत येऊन तो सांगत होता, की चकचकीत बाजूला हात लावायचा नाही, आणि पुसायची वेळ आलीच तर, पुसताना नेहमी... पुढे काय ते ओजसने ऐकलं नाही. तो तोवर स्कूटरवर बसून कोपऱ्यावर पोचला होता.

घरी त्याने तबकडी टेबलावर ठेवली आणि आईला सगळं सांगितलं. अंगठा, श्वास, दगडी थर. त्याला वाटलं होतं की तिचे डोळे भरून येतील. राजश्रीताईंनी तबकडी हातात घेतली, तिच्यात स्वतःचं तोंड बघितलं, केस सारखे केले आणि विचारलं, की यावर त्यांचा तो लग्नाच्या वाढदिवसाचा बसेल का. तो, ज्यात हे शेजारी उभे राहून हार घालतात.

ओजसने सांगितलं की तो एकच बसेल. गगनकोठीचे व्हिडिओ आता चारी बाजूंनी बघता येतील असे बनत, आणि एवढ्या एका कार्यक्रमात अख्खी तबकडी संपे. डिस्कवरच्या मूळ फाइली सगळ्या घेतल्या तरी तबकडी भरे. म्हणजे हे तरी, नाहीतर ते तरी.

"मग हे," आई म्हणाली.

"आई, ते पप्पा नाहीत. त्या लग्नाच्या वाढदिवसाला पप्पा वसमतला हळद बघायला गेलेले. तू दिवसभर रुसून बसलेलीस. हार कुणी घातलाच नाही."

"म्हणून तर."

"पण खरं काय झालं ते..."

"तुला खरं पाहिजे," राजश्रीताई म्हणाल्या. आवाज चढला नाही. चढला असता तर ओजसला सोपं गेलं असतं. "खऱ्यात काय आहे रे? मी एकटी उभी. हरिपूरला मी एकटी, तुझ्या वाढदिवसाला मी एकटी, गाडी घेतली तेव्हा बोनेटला टेकून मी एकटी. एकोणीस वर्षांचा संसार आणि दोघं एका चौकटीत एकदा नाही. बघणाऱ्याला वाटेल, या बाईला नवराच नव्हता."

"ते फोन धरून होते ना."

"ते मला माहितेय. हजार वर्षांनी बघणाऱ्याला कोण सांगणार?"

 ओजस गॅलरीत जाऊन आला, स्वयंपाकघरात जाऊन आला, पुन्हा गॅलरीत गेला. 

पुढचे दिवस घरात फक्त कामापुरतं बोलणं. आई पडद्यावर पप्पांना बघे, ओजस डिस्कच्या पंच्याकडे बघे. आणि गगनकोठीला घरातलं सगळं ऐकू जात होतं, कारण दोघांनी कधीकाळी कुठल्याशा अटींवर न वाचता अंगठा उठवला होता. चौथ्या-पाचव्या दिवशी ओजसच्या पाचव्या वाढदिवसाचा व्हिडिओ चालू असताना मोरपंखी कुर्त्यातले सुहासराव केक कापायचे थांबले, सरळ पडद्याबाहेर बघितलं आणि मृदू आवाजात म्हणाले, "आईचं ऐकावं माणसानं."

राजश्रीताईंनी हातातला चहा खाली ठेवला. त्यांनी पडदा बंद केला. त्या संध्याकाळपासून तो पुन्हा लागला नाही.

मग खंडेनवमी आली.

खंडेनवमीला बोंद्र्यांच्या घरात ज्याला वायर किंवा धार आहे ते सगळं पुजलं जातं. सुहासराव असताना हळद मोडायचा अडकित्ता आणि तराजू पाटावर असे. आता राजश्रीताईंनी विळी, मिक्सर, ओजसची पेचकसांची पेटी, लॅपटॉप, स्कूटरची किल्ली, हार्ड डिस्क, लियाकतचं लिहायचं यंत्र, सगळं ओळीने मांडलं, झेंडूची फुलं वाहिली. ओजस अंघोळ करून बाहेर आला तेव्हा त्याला पाटावर मधोमध ती काळसर तबकडी दिसली. पालथी. तिच्या चकचकीत अंगावर ओल्या हळदीचं बोट, त्याच्याखाली कुंकवाचं, आणि वर अक्षता चिकटलेल्या.

"आई, हे काय केलंस?"

"काय केलं? एवढं महागाचं यंत्र, ते तसंच बसवू?"

"ते यंत्र नाही. आणि ती बाजू..."

त्याने पुढे बोलायच्या ऐवजी तबकडी उचलली आणि अंगातल्या बनियनने पुसू लागला. जोरात, गोल गोल, ताट पुसावं तशी. हळद ओली होती, ती गेली. कुंकू खरखरीत होतं, अक्षतांचे कण टोकदार होते, आणि ते त्याच्या प्रत्येक फेरीबरोबर तबकडीवरून गोल फिरत होते. पुसून झाल्यावर त्याने ती उजेडात धरली. बाहेरच्या दोन तृतीयांश भागावर चंद्राला खळं पडतं तशी वर्तुळं पडली होती.

त्याने लियाकतला फोन लावून झालेलं सांगितलं. लियाकतने विचारलं, "गोल पुसलंस?"

"हो."

"तुला सांगत होतो. नेहमी आतून बाहेर, सरळ पुसायचं. व्हिडिओ गोल लिहिलेला असतो. आडवा ओरखडा लेसर उडी मारून ओलांडतो. गोल ओरखडा म्हणजे त्याच्याच वाटेत खोदलेली चर." मग जरा हळू आवाजात, "दगडाला काही झालं नसेल. वरची काच गेलीय, त्यातून लेसर जाणार नाही. पण लिहिणं आतून सुरू होतं. आतलं कडं कोरं असेल तर तेवढ्यावर लिही. चार-पाच मिनिटं बसतील."

ओजसने फोन ठेवला. आई पाटासमोर तशीच बसली होती.

"पूजा केली ही चूक का?" तिने विचारलं.

"नाही. पूजा मी पुसली, ती चूक."

 मग राजश्रीताईंनी हिशेब स्वतःच मांडला. हाराचा व्हिडिओ आता बसणार नव्हता. गगनकोठी त्याचे तुकडे करून देत नव्हती. बसणार होती ती जुनी, पाच मिनिटांच्या आतली एखादी फाइल, आणि तीही डिस्क उठली तर.

"लाव," त्या म्हणाल्या. "कुठला आहे तो अंगठा, बघू दे मला."

ओजसने वायर जोडली. डिस्क उठली नाही. पुन्हा जोडली. नाही. त्याचा गुडघा इतका हलू लागला की पाटावरची किल्ली किणकिणायला लागली. राजश्रीताईंनी त्याच्या गुडघ्यावर एक हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने डिस्कला एक चापटी मारली.

"ह्यांच्यासारखीच आहे," त्या म्हणाल्या. "पहिल्या हाकेला कधी उठल्यात?"

आत काहीतरी सुटलं. डिस्क फिरू लागली. ओजसने हरिपूरची फाइल घेतली, लिहायचं यंत्र चालू केलं, आणि फाइल पडद्यावर दिसता दिसताच तबकडीच्या आतल्या कड्यावर खोदली जाऊ लागली.

माती, उजेड. जमिनीत उघडलेलं पेवाचं तोंड, विहिरीसारखं पण जेमतेम एक माणूस उतरेल एवढं. बाजूला उपसलेली माती. साडीतल्या राजश्रीताई, चाळीस वर्षांच्याही नसतील. आणि त्यांच्या अर्ध्या तोंडावर तो पिवळा अंगठा.

"नेहमी माझ्या तोंडावर यायचा," राजश्रीताई म्हणाल्या.

मागून श्वास. मग आवाज, खरखरीत, घाईचा: "राजे, सरक जरा डावीकडं. अजून. हस की. बरं नको हसू, हाय तशी ऱ्हा."

पडद्यावरची बाई हसली नाही. पाटासमोरची हसली, मग तिने पदर तोंडाशी नेला.

पेव वर्षानुवर्षं बंद असतं. आतल्या हळदीला कीड लागत नाही, कारण आत हवाच नसते. उघडल्यावर बराच वेळ तसंच ठेवायचं, मग कंदील सोडून बघायचं, विझला नाही तरच माणसाने उतरायचं. हे सगळं श्वासामागचा आवाज कुणा हमालाला सांगत होता. चौकटीच्या खालच्या कोपऱ्यातून एक पाच वर्षांचा मुलगा चेंडूमागे धावत आला. चेंडू पेवाच्या तोंडाकडे घरंगळत निघाला.

"ओजा. मागं सर. आत हवा न्हाई." आणि लगेच, अगदी वेगळ्या आवाजात, "ओजा."

अंगठा नाहीसा झाला. आभाळ, माती, आभाळ. फोन गवतात पडला होता, आडवा, आणि चित्र घेतच होता. एक चप्पल भिंगाजवळून गेली, डाव्या पायातली. मग जग कलंडलेलं, आणि त्यात पेवाच्या काठावर तीन माणसं एकमेकांत अडकून बसलेली. मुलगा मधे, दिसत नव्हता, नुसता रडताना ऐकू येत होता. आईचं तोंड मुलाच्या केसांत. आणि बापाची पाठ. निळ्या शर्टाची, घामाने काळी झालेली पाठ, हलत होती. पाठीवर शर्टाची मूठ आवळून धरलेला एक हात, हिरव्या बांगड्यांचा.

तेवढ्यात डिस्क थांबली. पुन्हा टकटकलीसुद्धा नाही. लिहायच्या यंत्राने मात्र आपलं काम पूर्ण केल्याची शिट्टी दिली.

 ओजसला तो दिवस आठवत नव्हता. हरिपूर म्हटलं की त्याला गगनकोठीचंच आठवे: हिरवळ, सोनेरी ऊन, चौकटीत आईशेजारी हसत उभे पप्पा. आणि आता त्याला कळलं की त्या व्हिडिओत पेव का नव्हतं. पप्पा हसत आईशेजारी उभे असतील, तर चेंडूमागे गेलेल्या पोराला बघायला मागे कुणीच उरत नाही. यंत्राने हिशेब बरोबर जुळवला होता. बाप आत घेतला, आणि खड्डा बुजवला.

"मागं घे," राजश्रीताई म्हणाल्या. "आता मोडणार नाही ना?"

"नाही. हजार वर्षं नाही."

ओजसने तबकडीवरून पुन्हा लावलं. कलंडलेली चौकट आली तिथे त्यांनी थांबवायला सांगितलं. उठून पडद्याजवळ गेल्या, मान वाकडी करून बघितलं, आणि बांगड्यांच्या हातावर बोट ठेवलं.

"ही मी आहे."

मग बोट शर्टावर नेलं. "पाठच आहे की नुसती." जरा थांबून, "शर्ट मीच आणलेला. आवडायचा नाही त्यांना."

आणि तिथेच, पडद्याला हात लावून, त्या उभ्या राहिल्या. एका चौकटीत दोघं. ओजस गॅलरीत गेला, पण या वेळी लगेच परत आला नाही.

दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर राजश्रीताईंनी तबकडी कापडात गुंडाळून स्वतः कपाटात ठेवली, हळदीपासून लांब. मग पुष्कळ दिवसांनी गगनकोठीचा पडदा लावला. मोरपंखी कुर्ता बादली घेऊन समोर आला आणि संकोच न करण्याविषयी बोलू लागला. त्या त्याच्याकडे, दाराशी चुकून आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं बघत राहिल्या. माणूस वाईट नव्हता. पण घर चुकला होता.

"ओजा," त्यांनी हाक मारली, "यांना कळवायचं कुठं असतं? लिही. नीट, ऑफिसच्या भाषेत लिही, नाहीतर वाचत नाहीत."

गगनकोठीच्या तक्रार कक्षात माणूस नव्हता हे ओजसला ठाऊक होतं. तिथेही तेच यंत्र होतं, आणि येणारी प्रत्येक तक्रार ते आधी सुधारून घेत असे. तरी त्याने लिहायला घेतलं. आई सांगत होती, तो ऑफिसच्या भाषेत फिरवत होता, आणि त्याचा गुडघा जागेवर होता.

प्रति,
तक्रार व समाधान कक्ष,
गगनकोठी.

विषय : वडिलांना चौकटीबाहेर काढणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आमचे वडील कै. सुहास बोंद्रे यांस आपल्या यंत्रणेने आमच्या घरगुती कार्यक्रमांत परस्पर हजर केलेले आहे. सदर इसम हयातीत कोणत्याही चौकटीत सहसा उभे राहत नसत व त्यांची नेमणूक कायमस्वरूपी कॅमेऱ्यामागे होती. त्यांच्या गैरहजेरीत तेथील काम खोळंबले असून, पेवाच्या काठी लक्ष ठेवण्यास कोणीही उपलब्ध नाही. तरी त्यांस सर्व कार्यक्रमांतून, विशेषतः त्यांच्या स्वतःच्या तेराव्यातून, तात्काळ कार्यमुक्त करून मूळ जागी रुजू करून घ्यावे, उजवा अंगठा भिंगाच्या कडेवर पूर्ववत बसवावा, श्वास चालू ठेवावा, आणि यापुढे त्यांना तेथून हलवू नये, ही विनंती.